अनाहूत दूरध्वनी आणि त्यांचा बंदोबस्त

वाराणसीच्या ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरांतील अरुंद गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी घरे नांदत आली आहेत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच नगरीचे, आणि एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ पूर्ण केला तोही याच नगरीत. अशा एखाद्या घरातील तीर्थपुरोहिताची सकाळ क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. यजमान पाटावर बसलेले आहेत, संकल्पाचा उच्चार चालू आहे, आणि तेवढ्यात कनवटीचा भ्रमणध्वनी वाजू लागतो. क्रमांक अनोळखी आहे. कदाचित साताऱ्याहून वा अमरावतीहून कोणी गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन उद्या पोहोचत असतील व उतरण्याची सोय विचारीत असतील. पुरोहित यजमानांची क्षमा मागून उठतात आणि यंत्र कानाला लावतात. पलीकडे माणूस नसतोच. एक ध्वनिमुद्रित आवाज, ठरीव गोडव्याने, कर्ज मंजूर झाल्याची वार्ता देतो आणि पुढील माहितीसाठी एक अंक दाबावयास सांगतो.

हा प्रसंग एकट्या पुरोहिताचा नाही. दशाश्वमेधावरचा नावाडी, मदनपुऱ्यातला साडी विणणारा कारागीर, ठठेरी बाजारातला भांड्यांचा व्यापारी, स्थानकावर उतारूंची वाट पाहणारा रिक्षावाला या सर्वांची रोजी अनोळखी क्रमांकावरूनच येते. ‘अनोळखी क्रमांक उचलूच नये’ हा उपदेश मासिक वेतन घेणाऱ्याला परवडतो. ज्याचे गिऱ्हाईक दर दिवशी नवे, त्याला तो परवडत नाही. म्हणूनच नकोशा यांत्रिक दूरध्वनीचा प्रश्न हा केवळ त्रासाचा प्रश्न नव्हे. ज्यांना हाक टाळता येत नाही, त्यांच्या वेळेची, कष्टाची आणि कित्येकदा आयुष्यभराच्या पुंजीची सुरक्षितता त्यात गुंतलेली आहे. या आवाजाचा उगम कोठे आहे, तो इतका स्वस्त कसा झाला, आणि त्याला आवर घालण्याचे कोणते मार्ग आज नागरिकाच्या हाती आहेत, याचा विचार क्रमाने करणे उपयुक्त ठरेल.

भारतात दूरध्वनीची पहिली केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे उघडली. त्या काळी प्रत्येक संभाषण जोडून देण्यास केंद्रावर एक माणूस बसलेला असे. पुढे आल्मन स्ट्रोजर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपोआप जोडणी करणारे यंत्र शोधून काढले व १८९१ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. अंत्यविधीचे साहित्य पुरविणे हा त्याचा धंदा होता. केंद्रावरील जोडणी करणारी व्यक्ती आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता, आणि त्या संशयातूनच हे यंत्र जन्मास आले, असे सांगतात. मधला माणूस दूर झाला, संभाषण जलद झाले, खर्च उतरला. परंतु त्या माणसाबरोबर एक पहारेकरीही नाहीसा झाला. एकाच घरातून एका तासात हजार जोडण्या मागितल्या गेल्या असत्या, तर केंद्रावर बसलेल्या माणसाच्या ते तत्काळ ध्यानात आले असते. यंत्राला मात्र आपण होऊन कशाचेही आश्चर्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. २००३ पर्यंत भारतात भ्रमणध्वनीवर आलेल्या संभाषणाचेही पैसे घेणाऱ्यालाच मोजावे लागत. त्या वर्षी ही पद्धत बदलली आणि खर्चाचा भार हाक मारणाऱ्यावर गेला. हा बदल न्याय्यच होता. पण पुढे दर इतके उतरले की हाक मारणाऱ्यावरील भारही जवळजवळ नाममात्र राहिला. एका अंकीय वाहिनीवरून एकाच वेळी ३० संभाषणे चालू शकतात. अशा काही वाहिन्या, एक संगणक आणि क्रमांकांची एक यादी एवढ्या सामग्रीवर दिवसाकाठी हजारो घरांची दारे ठोठावता येतात. हजारांतून एकाने जरी होकार दिला, तरी व्यवहार फायद्यात जातो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांचा जो वेळ फुकट जातो, त्याची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही. या धंद्याचे सारे अर्थशास्त्र ह्या न नोंदलेल्या रकान्यावर उभे आहे.

यंत्राची कार्यपद्धती समजून घेतली म्हणजे त्याला उत्तर कसे द्यावे हेही कळते. क्रमांक फिरविणाऱ्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार ओळीने क्रमांक फिरवितो आणि उचलणाऱ्याला मुद्रित निरोप ऐकवितो. दुसऱ्या प्रकारात शेवटी बोलणारा माणूसच असतो, परंतु त्याला क्षणाचीही उसंत मिळू नये म्हणून यंत्र अंदाजाने त्याच्या आवाक्याहून अधिक क्रमांक एकाच वेळी फिरविते. अंदाज चुकला आणि सर्व माणसे बोलण्यात गुंतलेली असली, म्हणजे उचलणाऱ्याच्या कानी केवळ शांतता पडते व थोड्या वेळाने जोडणी तुटते. अनेकांना अशा मुक्या दूरध्वनीची धास्ती वाटते. त्यामागे बहुधा असा फसलेला हिशेब असतो.

दूरध्वनीच्या प्रत्येक कळीला दोन स्वरांचे एक ठरीव मिश्रण नेमून दिलेले आहे. कळ दाबली की ते मिश्रण तारेतून पलीकडे जाते आणि यंत्र त्यावरून कोणता अंक दाबला हे ओळखते. ‘नको असल्यास दोन दाबा’ ही सूचना त्यामुळे फसवी ठरू शकते. एक दाबला काय अन् दोन दाबला काय, हा क्रमांक जिवंत आहे आणि तो उचलणारा निरोप ऐकून घेतो, एवढी माहिती यंत्राला मिळतेच. अशा क्रमांकाचे मोल यादीत वाढते. न बोलता, काही न दाबता दूरध्वनी ठेवून देणे हेच अशा वेळी श्रेयस्कर.

तिसरी अडचण ओळखीची आहे. यंत्राच्या पडद्यावर जो क्रमांक उमटतो, तो खराच असतो असे नाही. संदेशवहनाची व्यवस्था घडली ती थोड्या व परस्परांस परिचित अशा संस्थांच्या काळात, तेव्हा पाठविणाऱ्या केंद्राने सांगितलेला क्रमांक घेणारे केंद्र विश्वासाने मान्य करीत असे. आंतरजालावरून संभाषण पाठविणे सुलभ झाल्यावर या विश्वासाचा दुरुपयोग होऊ लागला. परदेशातून निघालेली हाक भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येऊ लागली. काही ठिकाणी एका पेटीत अनेक सिमकार्डे बसवून बाहेरून आलेली संभाषणे स्थानिक असल्यासारखी भासविली जातात.

आता कायद्याकडे वळावे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची स्थापना १९९७ साली झाली. अनाहूत व्यापारी दूरध्वनींविरुद्धची तक्रार २००५ मध्ये जनहितयाचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. प्राधिकरणाने २००७ मध्ये पहिले विनियम केले व ज्यांना अशी हाक नको असेल त्यांच्यासाठी एक राष्ट्रीय नोंदवही उघडली. अनुभवांती ती अपुरी ठरली, म्हणून २०१० मध्ये नवे विनियम आले आणि २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णपणे अमलात आले. व्यापारी हाक मारणाऱ्यांसाठी १४० ने आरंभ होणारे क्रमांक राखून ठेवण्याची पद्धत तेव्हाची, आणि रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत अशी हाक मारू नये हे बंधनही त्याच विनियमांतले. मात्र जो मुळात नोंदणीच करीत नाही व साध्या दहा अंकी क्रमांकावरून धंदा करतो, तो या जाळ्यातून निसटत राहिला.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९ जुलै २०१८ रोजी तिसरे विनियम निघाले. त्यांतील मुख्य कल्पना समजावयास काशीतील तीर्थपुरोहितांच्या वह्यांचे उदाहरण सोयीचे आहे. यात्रेकरू आला म्हणजे पुरोहित त्याचे गाव, कुळ व गोत्र विचारतात, वही उघडतात, पूर्वजांच्या नोंदी दाखवितात आणि नवी नोंद यात्रेकरूच्याच हस्ताक्षराने करून घेतात. नोंद सहीनिशी असते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. मागाहून मधेच काही घुसडणे अवघड जाते. २०१८ च्या विनियमांनी व्यापारी संदेशांसाठी अशीच एक खातेवही निर्माण केली. संदेश कोण पाठविणार, कोणत्या नावाने, कोणत्या मजकुराने, आणि ग्राहकाची संमती कोणती, हे सर्व त्या वहीत नोंदवावे लागते. फरक एवढाच की ही वही एका घरी नसते. तिच्या प्रती निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांकडे एकाच वेळी असतात आणि एका प्रतीत कोणी गुपचूप फेरफार केला तर इतर प्रतींशी तिचा मेळ बसत नाही. गोत्र सांगितल्यावाचून वहीत नाव नाही, तद्वत नोंदणीवाचून संदेश नाही, असा या योजनेचा आशय आहे.

तथापि वही कितीही चोख असली तरी वहीबाहेरून येणाऱ्याला ती अडवू शकत नाही. सबब १३ ऑगस्ट २०२४ रोजी प्राधिकरणाने दूरसंचार कंपन्यांना असा आदेश दिला की, नोंदणी न करता ज्या कोणी आपल्या जोडण्यांवरून जाहिरातीच्या हाका मारल्या असतील, त्यांच्या सर्व जोडण्या तोडाव्यात आणि दोन वर्षांपर्यंत त्यांना काळ्या यादीत ठेवावे. काही आठवड्यांतच २.७५ लाख क्रमांक तोडले गेले व ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला, परदेशातून भारतीय क्रमांकाच्या मुखवट्याने येणारी संभाषणे अडविणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने कार्यान्वित केली. पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १.३५ कोटी संभाषणे अडविली. या आकड्यावरून दुखण्याच्या विस्ताराची कल्पना यावी.

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी विनियमांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. पूर्वी नको असलेल्या दूरध्वनीची तक्रार तीन दिवसांच्या आत करावी लागे. ती मुदत आता सात दिवसांची आहे. आपली नापसंती आधी नोंदविलेली नसली, तरीही नोंदणी न केलेल्या जाहिरातदाराविरुद्ध तक्रार करता येते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाई सुरू होई. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत, आणि कंपनीला कारवाईसाठी ३० दिवसांऐवजी पाचच दिवस मिळतात. पहिल्या अपराधास जाहिरातदाराच्या सर्व जोडण्यांवरील बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा अपराध घडल्यास वर्षभर जोडण्या तुटतात. अनाहूत संभाषणांची संख्या चुकीची कळविणाऱ्या दूरसंचार कंपनीस दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आर्थिक भुर्दंड पडू शकतो. साधे दहा अंकी क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्यास मनाई आहे. जाहिरातीच्या हाकेसाठी १४० ची मालिका आणि सेवा वा व्यवहारविषयक हाकेसाठी १६०० ची मालिका, अशी विभागणी ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हीच विभागणी पाळण्यास सांगितले. स्वयंचलित यंत्राने हाका मारणाऱ्याने तशी आगाऊ सूचना आपल्या दूरसंचार कंपनीस दिली पाहिजे, हेही आता बंधनकारक आहे.

नागरिकाने करावयाचे ते फारसे कठीण नाही. १९०९ हा क्रमांक देशभर एकच आहे व त्यावरील संभाषणास अथवा संदेशास पैसे पडत नाहीत. त्यावर दूरध्वनी करून, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द व पुढे शून्य हा अंक असा संदेश पाठवून, सर्व व्यापारी हाका बंद करण्याची इच्छा नोंदविता येते. सर्वच नको असे नसेल, तर बँकव्यवहार, घरे व जमिनी, शिक्षण, आरोग्य, वाहने व गृहोपयोगी वस्तू, मनोरंजन, पर्यटन, खाद्यपेये अशा विभागांतून हवे ते ठेवून बाकीचे वगळण्याची सोय आहे. यात्रेकरूंच्या निवासाचा व्यवसाय करणारा मनुष्य पर्यटनाचा विभाग चालू ठेवील व कर्जांचा बंद करील. यानंतरही हाक आली, तर तिचा क्रमांक, दिनांक आणि विषय एवढा तपशील १९०९ कडे कळवावा. एकट्याची तक्रार क्षुल्लक वाटते, परंतु कारवाईचा पल्ला पाच तक्रारींवर आला असल्याने प्रत्येक तक्रारीला आता खरोखर वजन आहे. काशीतील नावाड्याने केलेली तक्रार कोल्हापूरच्या गृहिणीच्या कामी येऊ शकते.

येथवर विचार झाला तो उपद्रवाचा. याहून गंभीर आहे तो कपटाचा प्रकार, आणि त्याचा एक दारुण दाखला वाराणसीनेच पाहिला आहे. मार्च २०२४ मध्ये येथील एका सेवानिवृत्त शिक्षिकेला दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने आपण दूरसंचार नियामक प्राधिकरणातून बोलत असल्याचे सांगितले व तुमचा दूरध्वनी थोड्याच वेळात बंद होणार आहे अशी भीती घातली. मागोमाग पोलीस अधिकारी म्हणविणारे पुढे आले, अटकेची धमकी आली, आणि त्या दडपणाखाली साडेतीन कोटी रुपयांहून अधिक रक्कम भामट्यांच्या हवाली झाली. जी संस्था नकोशा दूरध्वनींपासून रक्षण करण्यासाठी आहे, तिचेच नाव त्यांनी शस्त्र म्हणून वापरले. राखणदाराचा वेष घेऊन आलेला चोर ओळखणे सर्वांत कठीण असते. ज्या स्त्रीने आयुष्यभर नियम पाळले, तीच नियमाच्या नावाने घाबरली, यात तिचा दोष शोधणे अन्यायाचे होईल.

अशा मुद्रित व बनावट दूरध्वनींविषयी प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये जनतेस सावध केले. कोणत्याही ग्राहकाचा क्रमांक तोडण्यासंबंधी प्राधिकरण संदेशाने वा अन्य मार्गाने स्वतः संपर्क साधत नाही, हे त्याने स्पष्ट केले. वाराणसीचे लोकसभेतील प्रतिनिधी असलेले प्रधानमंत्री नरेंद्र मोदी यांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या नभोवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणात हा विषय घेतला. दूरध्वनीवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, असे सांगून थांबा, विचार करा आणि मग कृती करा, अशा तीन पायऱ्या त्यांनी श्रोत्यांपुढे मांडल्या. कपटाचा संशय आला व पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’मधील ‘चक्षू’ या सोयीवर तो क्रमांक कळवावा. ही सोय ४ मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेले असतील तर मात्र एक क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकत असतो, आणि तो गोठविण्याची शक्यता प्रत्येक घटकेला कमी होत जाते. संकोचाने घालविलेला एक दिवस या कामी सर्वांत महाग पडतो.

या बंदोबस्ताला मर्यादा नाहीत असे नव्हे. सार्वजनिक हितासाठी सरकारच्या निर्देशाने दिले जाणारे संदेश ‘अनाहूत व्यापारी संदेश’ या व्याख्येत येत नाहीत, आणि पुराची वा साथीची सूचना देणारी हाक थांबू नये हे रास्तच आहे. निवडणुकीतील हाका हा वेगळाच प्रांत आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयी यांचा मुद्रित आवाज देशभर घराघरांतील दूरध्वनींवर ऐकू आला होता, आणि पुष्कळांना प्रथम त्याचे अप्रूपच वाटले होते. आंतरजालावरील संभाषणसेवांतून येणाऱ्या हाकाही १९०९ च्या कक्षेबाहेर राहतात. इतर देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेने १९९१ मध्ये मुद्रित आवाजाच्या हाकांवर निर्बंध घालणारा कायदा केला, २००३ मध्ये राष्ट्रीय नोंदवही उघडली, आणि २०१९ च्या कायद्याने प्रत्येक हाकेबरोबर तिच्या उगमाची अंकीय साक्ष पाठविण्याची सक्ती कंपन्यांवर आणली. तरीही जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात राष्ट्राध्यक्षांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मतदारांच्या कानी पडलीच. पुढच्याच महिन्यात तेथील आयोगाने, संगणकाने घडविलेला मानवी आवाजही जुन्या कायद्यातील ‘कृत्रिम आवाज’च होय, असा निर्णय दिला. भारताच्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने अशा संदेशांसाठी ग्राहकाची पूर्वसंमती आणि नापसंतीची नोंदवही या दोन्ही कल्पनांना कायद्यात स्थान दिले आहे. विनियमांनी सुरू झालेली वाट अशा रीतीने संसदेच्या कायद्यापर्यंत आली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. या हक्काचा अर्थ एकांतवास असा नाही. आपल्या दारी कोणी यावे हे आपण ठरवावे, एवढाच त्याचा साधा आशय आहे. काशीची घरे गल्लीवर उघडणारी आहेत. कोणीही यावे, पण उंबऱ्याशी उभे राहून नाव-गाव सांगावे आणि मग आत यावे, ही तेथील रीत आहे. दूरध्वनी हाही घराचा एक उंबरठाच होय. हाक मारणारा कोण व कोठला हे उचलण्यापूर्वी कळावे, नको असलेल्यास एकदा नाही म्हटले की ते पुरावे, आणि वेष पालटून येणाऱ्यास व्यवस्थेनेच वेशीवर अडवावे, इतकीच अपेक्षा आहे. ती पुरी झाली, म्हणजे संकल्प अर्धवट सोडून उठलेल्या पुरोहिताला पलीकडून खरोखरच साताऱ्याच्या यजमानाचा आवाज ऐकू येईल.